मठाच्या फरशीतली जाती

इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स या गावी बेनेडिक्टाइन संन्याशांचा जो मोठा मठ होता, त्याच्या एका दालनाची जमीन चौदाव्या शतकात धान्य दळायच्या जात्यांच्या तळ्यांनी, म्हणजे खालच्या दगडांनी, फरसबंद केलेली होती. ही जाती मठाची नव्हती. गावकऱ्यांच्या घरांतून ती जप्त करून आणलेली होती. गावाने आपले धान्य मठाच्या चक्क्यांवरच दळून घ्यावे आणि दळणाचा ठरलेला वाटा मठाला द्यावा, असा मठाचा हक्क होता, आणि घरी जाते फिरवणे म्हणजे त्या हक्काला उघड नकार देणे होते. गावाशी चाललेल्या दीर्घ तंट्यात मठाची सरशी झाली, तेव्हा मठाधिपतीने ती जाती फोडून टाकली नाहीत की विकलीही नाहीत. मौन पाळणाऱ्या मठात ज्या दालनात बोलण्याची मुभा असे, तिथल्या जमिनीत त्याने ती बसवून घेतली. गावात कोणाच्या घरचे जाते कोणते हे ओळखणारी माणसे तेव्हा हयात होती, एवढे लक्षात घेतले की या फरसबंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मध्ययुगीन युरोपाची सरंजामशाही आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत एका त्रिकोणाच्या रूपात भेटते. वर राजा, खाली मोठे सरदार, त्यांच्याखाली शिलेदार आणि तळाशी शेतकरी. चर्च या त्रिकोणाच्या कडेला कुठेतरी असते, देवाच्या नावाने या व्यवस्थेला आशीर्वाद देणारे आणि लोकांना परलोकाच्या आशेवर शांत ठेवणारे. मीही बरीच वर्षे हेच चित्र मनात बाळगून वाचत होतो, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे आजही म्हणणार नाही. पण सेंट ऑल्बन्सच्या त्या फरशीविषयी वाचल्यापासून त्या कडेच्या चर्चविषयी माझे समाधान होईनासे झाले. जाती जप्त करणारा हा माणूस सरदाराच्या बाजूने बोलणारा पुरोहित नव्हता. तो स्वतःच त्या गावाचा सरदार होता. चक्की त्याची होती, बाजार त्याचा होता, न्यायाची गढी त्याची होती आणि गढीखालचा तुरुंगही त्याचाच होता.

विजेत्या विल्यमने 1086 मध्ये इंग्लंडच्या जमिनीची जी मोजदाद करवली, तीत देशातली सुमारे एक चतुर्थांश जमीन चर्चच्या हाती असल्याचे दिसते. बिशपांची पीठे, मठ आणि जोगिणींची विहारे यांच्याकडे असलेली ही जमीन धर्मादाय म्हणून मोकळी सोडलेली नव्हती. विल्यम आणि त्याच्यानंतरच्या नॉर्मन राजांनी बड्या मठांवरही सरदारांप्रमाणेच लष्करी चाकरी लादली. पीटरबरोच्या मठाने राजाच्या लढाईसाठी 60 शिलेदार द्यायचे, बरी सेंट एडमंड्सने 40 आणि सेंट ऑल्बन्सने 6, असा हिशेब होता. दिवसातून सात वेळा प्रार्थनेला उभा राहणारा मठाधिपती शिलेदारांना जमिनी तोडून देत असे, त्यांच्याकडून इमानाची शपथ घेत असे, आणि त्यांच्यापैकी कोणी चाकरीत कुचराई केली तर त्याच्यावर खटला भरत असे.

मात्र हा सरदार इतर सरदारांपेक्षा एका बाबतीत निराळा होता: त्याला मरण नव्हते. सामान्य सरदार मेला की वारस अज्ञान निघे, विधवेचा हिस्सा वेगळा काढावा लागे, मुली असतील तर जहागीर विभागली जाई, बंडात सापडला तर सगळेच राजाकडे जमा होई. या प्रत्येक फटीतून कुळांना थोडी हवा मिळे. नव्या धन्याला जुन्या वहिवाटी नीट ठाऊक नसत आणि एखादी वेठ विसरली जाई. मठात मठाधिपती मरे, पण मठ मरत नसे. देवस्थान इनामाची जमीन देवाच्या नावावर असते आणि देव कधी वारस मागे ठेवून जात नाही, हे आपल्याकडच्या महसुली दप्तरात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते. तेच इथे होते, फक्त प्रमाण अफाट होते. राजांनाही हे बोचू लागले, कारण चर्चकडे गेलेल्या जमिनीवर वारसाहक्काचा नजराणा त्यांना पुन्हा कधीच मिळत नसे. म्हणून पहिल्या एडवर्डने 1279 मध्ये कायदा करून चर्चला जमीन देण्यावर बंदी घातली, आणि पुढे त्याच बंदीतून सूट देण्याचे परवाने विकून राजांनी आपले नुकसान थोडेफार भरून काढले.

मरण नसलेल्या धन्याला स्मरणही पक्के असते. मठात लिहिणारे हात होते. कोणत्या कुळाने कोणत्या आठवड्यात किती दिवस मठाच्या शेतात राबायचे, सुगीत किती माणसे पाठवायची, कोणाच्या आजोबाने कोणत्या दंडाखाली काय कबूल केले होते, हे सारे चर्मपत्रावर उतरवलेले असे. भूदासाच्या, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याच्या, मुलीचे लग्न झाले की धन्याला रक्कम द्यावी लागे. भूदास मेला की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याकडे जाई आणि त्याच्या खालोखालचे बहुतेक ठिकाणी गावच्या पाद्र्याकडे, कारण मृताने हयातीत दशांश देताना काही चुकवाचुकव केली असेलच असे गृहीत धरलेले होते. धान्याचा दहावा भाग, कोकरांचा दहावा, लोकरीचा, मधाचा, अंड्यांचा दहावा भाग चर्चचा. दहावा हिस्सा म्हटल्यावर मराठी वाचकाला सरदेशमुखी आठवेल, पण सरदेशमुखीच्या वसुलीत आणि दशांशात एक मोठा फरक होता. सरदेशमुखी बुडवणाऱ्यावर घोडदळ चालून येई. दशांश बुडवणाऱ्याला धर्मबहिष्कृत करता येई, आणि बहिष्कृत माणसाला मेल्यावर गावच्या पवित्र मातीत जागा मिळत नसे.

हे सगळे चर्चच्या विद्वानांना दिसत नव्हते असे नाही. लाँ या फ्रेंच गावच्या अडॅल्बेरो नावाच्या बिशपाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजाला उद्देशून एक काव्य लिहिले, त्यात समाजाची ती प्रसिद्ध त्रिवार विभागणी आहे: काही प्रार्थना करतात, काही लढतात आणि काही राबतात. व्यवस्थेच्या समर्थनार्थ ही विभागणी पुढे शतकानुशतके वापरली गेली. पण त्याच काव्यात, राबणाऱ्यांविषयी बोलताना, भूदासांच्या अश्रूंना आणि उसाशांना अंत नाही, असेही हा बिशप म्हणून जातो. मला ही ओळ त्या विभागणीपेक्षा महत्त्वाची वाटते. तो बंडखोर नव्हता. शेतकऱ्याच्या पोराने बिशप व्हावे हे त्याला मुळीच मान्य नव्हते. त्याला अश्रू दिसत होते, आणि अश्रूंसकट ती व्यवस्था त्याला देवाने नेमलेली वाटत होती. आंधळेपणापेक्षा ही डोळस स्वीकृती समजून घेणे मला नेहमीच जड गेले आहे.

चक्कीच्या हक्काकडे पुन्हा वळतो, कारण सरंजामशाहीचा जाच नेमका कसा होता हे शिलेदारांच्या चिलखतांपेक्षा चक्कीजवळ अधिक स्पष्ट दिसते. पाणचक्की बांधायला भांडवल लागे, नदीवर हक्क लागे, बंधारा लागे. ते धन्याकडे होते. त्याने चक्की बांधली आणि सर्वांनी तिथेच दळावे असे ठरवले. दळणावळीचा वाटा कुठे विसावा, कुठे सोळावा, कुठे तेरावा. चक्की दूर असली तर गोणी पाठीवर घेऊन जायचे, रांगेत थांबायचे, आणि मापात फसवणूक होते आहे हे समजत असूनही गप्प बसायचे. मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातला चक्कीवाला हा ठरलेला लबाड असतो, ते उगीच नव्हे.

बरी सेंट एडमंड्सच्या मठातल्या जोसलिन नावाच्या संन्याशाने आपल्या मठाधिपतीची, सॅमसनची, जी हकीकत लिहून ठेवली आहे, तीत 1191 मधला एक प्रसंग आहे. हर्बर्ट नावाच्या डीनने, म्हणजे चर्चच्याच एका पदाधिकाऱ्याने, आपल्या जमिनीवर पवनचक्की उभारली. पवनचक्की तेव्हा इंग्लंडात अगदी नवी गोष्ट होती. ही बातमी ऐकून सॅमसनच्या तोंडून संतापाने शब्द फुटेनात. ती इमारत जमीनदोस्त होईपर्यंत आपण घास घेणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. हर्बर्ट धावत आला आणि म्हणाला, वारा तर सर्वांचा आहे, आणि मी फक्त माझेच धान्य दळणार आहे. सॅमसनने उत्तर दिले की तू माझे दोन्ही पाय तोडले असतेस तरी मी तुझे एवढेच आभार मानले असते. या हद्दीत मठाच्या संमतीशिवाय खुद्द राजालाही असे काही बांधता येणार नाही, आणि तुझी चक्की उभी राहिली की माझ्या गावातले लोक तुझ्याकडे दळायला येणारच. मठाचे शिपाई पोचायच्या आत हर्बर्टने आपल्याच माणसांकडून ती चक्की पाडून टाकली. शिपायांना मोडायला काही शिल्लक राहिले नाही.

गंमत अशी की हा सॅमसन वाईट माणूस नव्हता. त्याने मठाचे कर्ज फेडले, गैरकारभार निस्तरला, साधे अन्न खाल्ले. त्याच्या आधीच्या काळापासून कापणीच्या वेठीऐवजी गावकऱ्यांकडून घरटी पैसे उकळले जात. पैसे नसले तर मठाची माणसे घरातली तिवई, भांडे, अगदी दारही उचलून नेत. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या हातात सुताच्या चात्या घेऊन त्यांच्या अंगावर धावून जात आणि शिव्यांची लाखोली वाहत, असे जोसलिनने लिहिले आहे. सॅमसनने ही वसुली बंद करून गावाकडून वर्षाची एकच ठोक रक्कम घेण्याची तडजोड केली. म्हाताऱ्यांचा अपमान त्याला समजत होता. वारा सर्वांचा आहे हे मात्र त्याला समजू शकत नव्हते, कारण ते मान्य केले असते तर तो ज्या देवाच्या नावाने कारभार करत होता त्या देवाच्या मालमत्तेचे नुकसान झाले असते. स्वतःसाठी काही मागत नसलेला माणूस संस्थेसाठी किती निष्ठुर होऊ शकतो, याचे हे उदाहरण मला चर्चच्या इतिहासाबाहेरही वारंवार आठवते.

चर्चने शेतकऱ्याला काही दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दहाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा फ्रान्सात राजसत्ता जवळपास नावापुरती उरली होती आणि प्रत्येक गढीतला शिलेदार आसपासचा मुलूख लुटत होता, तेव्हा 989 मध्ये शारू इथे बिशपांनी परिषद भरवून शेतकऱ्याचे बैल, गाढव, शेळी, मेंढी पळवणाऱ्याला शाप देण्याचा ठराव केला. पुढे बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत शस्त्र उचलायचे नाही, असाही नियम निघाला. तो कितपत पाळला गेला हा निराळा प्रश्न. पण गरिबाचा बैल पळवणे हे नुसते भांडण नसून पाप आहे, असे त्या समाजात म्हणणारे दुसरे कोणी नव्हते. सणांचे दिवस हीदेखील चर्चचीच देणगी. रविवार सोडून वर्षात पुष्कळ सण असत आणि त्या दिवशी धन्यालाही वेठ घेता येत नसे.

यातला सर्वांत बोलका निर्णय मात्र सेंट ऑल्बन्सशीच जोडलेला आहे. या मठाच्या जमिनीवर वाढलेला निकोलस ब्रेकस्पिअर नावाचा मुलगा पुढे एड्रियन चौथा या नावाने पोप झाला. आजवर पोपच्या गादीवर बसलेला तो एकमेव इंग्रज. 1154 ते 1159 या आपल्या कारकिर्दीत त्याने सेंट ऑल्बन्सच्या मठाला इतके विशेषाधिकार दिले की स्थानिक बिशपाची सत्ता त्याच्यावर जवळपास उरलीच नाही. याच पोपने असाही निर्णय दिला की धन्याची परवानगी नसताना झालेले भूदासाचे लग्न वैधच असते, कारण देवापुढे बंध-मुक्त असा भेद नाही. हे वाक्य त्या काळाचा विचार करता थक्क करणारे आहे. मग त्याच निर्णयात पुढे येते की या लग्नामुळे धन्याला देणे असलेल्या सेवेत काही कमी होऊ नये. आधी देवापुढची समानता, लगेच खाली वेठीची हमी. या दोन ओळींपैकी पहिलीच वाचून चर्चचे गोडवे गाणारे लेखक आणि दुसरीच वाचून त्याला झोडपणारे लेखक, दोघेही मला अर्धवट वाटतात. भूदासाच्या कानावर रविवारी मठाच्या अंगणात पहिली ओळ पडत होती, सोमवारी मठाच्या शेतात दुसरी. कधीतरी तो या दोहोंचा ताळा घालून पाहणार, हे उघड होते.

सेंट ऑल्बन्समध्ये हा ताळा घालणे पिढ्यान् पिढ्या चालले. 1274 मध्ये वाद पेटला तो मठाच्या चक्क्यांवरच विणलेले कापड कुटून घट्ट करून घेण्याच्या सक्तीवरून आणि घरच्या जात्यांवरून. पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर गावातून जाणार होती, तेव्हा मठाधिपतीने गावकऱ्यांना टाळण्यासाठी तिला आडवाटेने आत नेण्याचा घाट घातला. पण गावातल्या बायकांनी तिचा रथ गाठून गराडा घातला आणि हात उंचावून रडत गाऱ्हाणे मांडले. राणीने मठाधिपतीला खडे बोल सुनावले. खटला मात्र मठानेच जिंकला. पुढे 1327 च्या सुमारास, दुसऱ्या एडवर्डच्या पतनाच्या धामधुमीत, गावकऱ्यांनी मठाला वेढा घालून सनद मिळवली आणि घरोघरी जाती फिरू लागली.

जाते ही काय चीज आहे हे आपल्या वाचकाला सांगायला नको. माझ्या आजीच्या घरी पहाटे जाते सुरू झाले की शेजारच्या आळीपर्यंत घरघर ऐकू जाई आणि तिच्या ओव्यांवरून आज पीठ ज्वारीचे की कसले हेसुद्धा कळते, अशी थट्टा चाले. जाते चोरून दळता येत नाही. सेंट ऑल्बन्समध्ये एखादी बाई घरात जाते फिरवत होती तेव्हा ती मठाच्या शिपायालाही ऐकू येईल अशा आवाजात काही बोलत होती, असे मला वाटते.

या घरघरीचा बंदोबस्त करणारा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा त्या शतकातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांपैकी एक होता, आणि तो एका लोहाराचा मुलगा होता. वडील लहानपणीच गेले, चर्चने त्याला वाढवले, ऑक्सफर्डला पाठवले. ग्रहांची स्थिती काढण्याचे एक अद्भुत यंत्र त्याने रचले. 1327 मध्ये गादीवर आल्यावर त्याने मठासाठी एक खगोलीय घड्याळ बांधायला घेतले, ज्यात सूर्य-चंद्राची गती दिसे आणि ठोके पडत. देवळाचा एक भाग ढासळलेला असताना घड्याळावर इतका खर्च कशाला, असे राजाने विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले की देऊळ माझ्यानंतर कोणीही बांधू शकेल, हे घड्याळ मात्र माझ्यामागे कोणालाही पुरे करता येणार नाही. अंगावर महारोग वाढत असताना, वाचा जाऊ लागली असताना, या माणसाने गावकऱ्यांना कायद्याच्या कचाट्यात पकडून एकेक हक्क परत मिळवला, सनद परत घेतली, आणि जाती आणवून ती दालनात बसवली. लोहाराच्या पोराला चर्चने मठाधिपती केले, हे त्या काळात चर्चशिवाय कोणी केले नसते. आणि त्या लोहाराच्या पोराने कष्टकऱ्यांची जाती उचलली.

मग 1348-49 ची महामारी आली. सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती आणि चाळीसहून अधिक संन्यासी तीत गेले. देशभर शेतमजूर कमी उरले, त्यांनी जास्त मजुरी मागितली, आणि पार्लमेंटने 1351 मध्ये कायदा करून मजुरी जुन्याच दराला जखडली. त्यावर फ्रान्सशी चाललेल्या लढाईसाठी डोईपट्टी बसली, पाच वर्षांत तीनदा. जून 1381 मध्ये केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले. 14 जूनला त्यांनी टॉवर या राजाच्या किल्ल्यालगतच्या टेकडीवर कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी याचे डोके उडवले. ही घटना बरेचदा धर्मद्रोहाचा कळस म्हणून सांगितली जाते. पण सडबरी नुसता आर्चबिशप नव्हता, तो राज्याचा चॅन्सेलरही होता, आणि डोईपट्टी ज्या सरकारने बसवली त्याचा प्रमुख होता. आर्चबिशपाला सोडून चॅन्सेलरला मारणे त्या जमावाला कसे जमावे?

सेंट ऑल्बन्सच्या गावकऱ्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब. हा मठाच्याच शाळेत शिकलेला, मठात नातेवाईक असलेला माणूस. त्याने लंडनला जाऊन तरुण राजा दुसऱ्या रिचर्डकडून मठाधिपतीच्या नावे पत्र मिळवले. गावकऱ्यांनी मठाच्या गढीतले कैदी मोकळे केले. एकाला मात्र तो खरोखर मृत्युदंडास पात्र आहे असे स्वतःच ठरवून त्यांनी गढीसमोर ठार केले, तेव्हा हे सारे संत होते असे समजण्याचे कारण नाही. मठाच्या राखीव रानाची कुंपणे मोडली. शेतात पकडलेला एक जिवंत ससा त्यांनी गावच्या शिक्षेच्या खांबावर बांधला, कारण ससा मारण्याचा हक्क आजवर फक्त मठाला होता. मठाची कागदपत्रे बाजारात जाळली. नंतर ते त्या दालनात गेले आणि जात्यांच्या तळ्या फरशीतून उखडून काढल्या.

यापुढे त्यांनी जे केले ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. त्यांनी त्या तळ्या घरी नेऊन पुन्हा दळायला घेतल्या नाहीत. त्या फोडल्या, आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर गावच्या देवळात मंतरलेली भाकरी मोडून जसा तिचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला जातो, तसा दगडाचा एकेक तुकडा सर्वांना वाटला, म्हणजे घरी तो तुकडा पाहिला की जुना सूड फिटल्याची आठवण राहावी. चर्चविरुद्ध उठलेल्या माणसांनी आपला विजय चर्चच्याच विधीने साजरा केला. त्यांच्यापाशी दुसरी रीतच नव्हती, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. ती भाकरी ज्या पिठाची असे, ते पीठ मठाच्या चक्कीवर वाटा कापून आलेले असे. जाते आणि प्रसाद या दोन गोष्टींमधला संबंध या लोकांनी जितका नेमका ओळखला होता, तितका तो मठातल्या एकाही पंडिताने ओळखलेला दिसत नाही.

त्यांची मुख्य मागणीही अशीच होती. मठाची स्थापना आठव्या शतकात ऑफा राजाने केली अशी परंपरा आहे. त्या ऑफाने मठ बांधणाऱ्या गवंड्यांना हे गाव वसवून दिले आणि त्यांच्या स्वातंत्र्याची सनद लिहून दिली, तिची आद्याक्षरे एक सोन्याची आणि एक निळ्या रंगाची आहेत, ती सनद मठाने दडवून ठेवली आहे, असा गावकऱ्यांचा ठाम विश्वास होता. मठाधिपती टॉमस द ला मेअरने अशी सनद कधी पाहिली-ऐकली नसल्याचे सांगितले, आणि तो खरे बोलत असणार. पण सोन्या-निळ्या अक्षरांची कल्पना कुठून आली? मठाच्या ग्रंथांतूनच. स्वातंत्र्य कसे दिसत असेल याचे चित्र रंगवतानाही गावाने मठाच्याच शाईत बोरू बुडवला. त्याच सुमारास जॉन बॉल नावाचा फिरता पाद्री शेतकऱ्यांना विचारत होता की आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती तेव्हा अमीर कोण होता. बायबलमधल्या पहिल्या पानांवरून एवढा प्रश्न विचारायला कोणा पोपची परवानगी लागत नाही.

बंड मोडले. जुलैत राजा न्यायाधीशासह सेंट ऑल्बन्सला आला. 15 जुलैला जॉन बॉलला तिथेच फासावर चढवून त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. ग्रिंडकॉबला गावाची समजूत घालण्यासाठी जामिनावर सोडले होते. त्याने उलट गावकऱ्यांना माघार घेऊ नका असे सांगितले, आणि मिळवलेल्या स्वातंत्र्यासाठी मरण आले तर हौतात्म्य लाभल्याचे सुख वाटेल, असेही म्हटले. ब्रिटनचा पहिला हुतात्मा मानलेल्या संत ऑल्बनच्या गावी, त्याच्या मठात शिकलेल्या माणसाने उच्चारलेला हा शब्द. त्यालाही फाशी झाली. गावकऱ्यांनी रात्री प्रेते उतरवून पुरली, तेव्हा राजाच्या हुकमाने त्यांना ती आपल्या हातांनी उकरून पुन्हा साखळदंडांनी टांगावी लागली.

हे सारे आपल्याला ज्याच्यामुळे कळते तो टॉमस वॉल्सिंगहॅम त्याच मठातला संन्यासी होता. बंडखोरांविषयी त्याच्या मनात तिरस्कार ठासून भरलेला आहे, आणि तरीही ससा, दगडाचे तुकडे, ग्रिंडकॉबचे भाषण हे सगळे त्याने लिहून ठेवले. ग्रिंडकॉबच्या तोंडी त्याने घातलेले शब्द जसेच्या तसे खरे आहेत का, याची खात्री देता येत नाही. पण शत्रूच्या तोंडी इतके चांगले भाषण कोणी फुकट घालत नाही. मठाची लेखणी नसती तर मठाविरुद्ध झालेले हे बंड आज एखाद्या न्यायालयीन नोंदीत दोन ओळींपुरते उरले असते.

मी सेंट ऑल्बन्स पाहायला गेलो तेव्हा ते दालन पाहायला मिळणार नाही हे ठाऊक होते. मठाचा निवासी भाग केव्हाच नाहीसा झाला आहे आणि तिथे आता हिरवळ आहे. चर्च उभे आहे, रोमन काळातल्या विटा उचलून बांधलेल्या मनोऱ्यासकट. रिचर्डच्या घड्याळाची आधुनिक प्रतिकृती आत ठेवलेली आहे आणि पर्यटक तिच्यासमोर थांबून फोटो काढतात. जात्यांविषयी विचारण्याइतका धीर माझ्याने झाला नाही. पाठीमागे एका शाळेची सहल उभी होती आणि वाटाडी फार घाईत होती.

आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, त्यात सेंट ऑल्बन्स 1539 मध्ये गेले. मरण नसलेला सरदार मेला, आणि त्याला मारले ते शेतकऱ्यांनी नव्हे, राजाने, जमिनीच्या लोभाने. मठाच्या जमिनी दरबारी लोकांत वाटल्या गेल्या, आणि खंड वसूल करणारे नवे मालक संन्याशांपेक्षा सौम्य निघाले असे कुळांना वाटण्याचे कारण नव्हते. गावाने मात्र एक विचित्र गोष्ट केली. 1553 मध्ये सेंट ऑल्बन्सला अखेर राजाकडून नगराची सनद मिळाली, तीच जी त्यांचे पूर्वज ऑफाच्या नावाने शोधत होते. आणि त्याच वेळी गावाने 400 पौंड मोजून मठाचे ते अवाढव्य चर्च आपल्या प्रार्थनेसाठी विकत घेतले. विटा-दगडांसाठी ते पाडून टाकण्याचा मार्ग खुला असताना त्यांनी ते ठेवले आणि पुढली तीन शतके त्याच्या गळक्या छपराचा खर्च सोसला. मठाधिपतीची गढीही उभीच राहिली. 1381 मध्ये जिच्यातले कैदी गावकऱ्यांनी सोडवले होते, त्या गढीत नव्या नगराने आपला तुरुंग थाटला.